काठीचा पटका आणि तीन पायांचा बैल

मी एक जुना पटका आहे. डोक्याला बांधायचा नव्हे, यात्रेच्या काठीला लावायचा. माझ्याबद्दल लोकांनी मला न विचारता बरेच काही ठरवून टाकले होते, म्हणून माझ्याजवळ जे आहे ते आधी मोजून सांगतो.

लांबी साडेतीन हात. रुंदी चार बोटे कमी दोन हात. कापड सुती, जाडेभरडे, एकेरी. रंग पिवळा. मधोमध पांढरे वाटोळे एक, वीतभर रुंदीचे. त्याच्या मध्यभागी काळा ठिपका एक. काळ्या लोकरीची किनार तीन बाजूंना. चौथी बाजू काठीची, तिथे नाड्या पाच. खालच्या मोकळ्या कोपऱ्यात ठिगळ एक, तळहाताएवढे. बैल शून्य.

मित्रांनो, बैल शून्य म्हणजे बैल नाहीच, असे समजू नका. तो असतो, पण एरवी दिसत नाही. हे दोघांच्या लक्षात आले नाही. त्यातल्या एकाने मला नको तिथे टांगले आणि दुसऱ्याने मला जाळायला काढले.

नळदुर्गच्या अलीकडे बोरी नदीच्या काठी बेनहाळ नावाचे गाव आहे. गावात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात. भांडण बहुधा कानडीत सुरू होते आणि मराठीत मिटते. तिथल्या पाटलांच्या घराण्याची मी खूण आहे. दर पौषात नळदुर्गच्या खंडोबाच्या यात्रेला गावोगावच्या उंच काठ्या येतात आणि प्रत्येक काठीच्या शेंड्याला त्या त्या घराण्याचा पटका असतो. लांबून कोणाची काठी येते आहे हे पटक्यावरून ओळखतात. त्यामुळे पटक्यावरची एकही गोष्ट नुसती शोभेची नसते. माझ्यावरचे काय कशासाठी आहे, ते ऐका.

पांढरे वाटोळे म्हणजे जाते. मधला काळा ठिपका म्हणजे दाणे टाकायचे तोंड. पार्वतम्मा नावाची बाई या घराची मूळ. एका मोठ्या दुष्काळात तिने आपले जाते घरातून काढून बाहेर ओसरीवर मांडले. ज्याच्याकडे धान्य असेल त्याने तिथे दळावे आणि मूठभर पीठ मागे ठेवावे. ज्याच्याकडे नसेल त्याने त्यातले न्यावे. कोण ठेवतो आणि कोण नेतो, हे तिने कधी पाहिले नाही. ती दळताना भिंतीकडे तोंड करून बसायची. दुष्काळ सरल्यावर गावाने काठीचा मान या घराला दिला. पटक्यावर तलवार का नाही, असे एकदा एका पाहुण्याने विचारले होते. तेव्हा घरच्या थोरल्या बाई गिरिजाबाई म्हणाल्या, "तलवारीवर भाकर भाजत न्हाय."

काळी किनार घोंगडीच्या लोकरीची आहे. बोरीच्या पुरात एकदा काठी वाहून जाऊ लागली, तेव्हा बिराप्पा धनगराच्या पणज्याने घोंगडीसकट पाण्यात उडी घेतली आणि घोंगडीत गुंडाळून मला काठावर आणले. त्या घोंगडीची पट्टी माझ्या कडेला शिवली आणि तेव्हापासून काठी त्यांच्याच घरातला माणूस उचलतो. काळा रंग अशुभ, असे पुष्कळांना वाटते. वाटू द्या. माझ्या अंगावर तो पाळलेल्या शब्दाचा रंग आहे.

पिवळा रंग हळदीचा. खंडोबाचा भंडारा तोच. पण या रंगात एक गुण आहे, त्याला कोणी दोषही म्हणेल. हळदीला ऊन सोसत नाही. उन्हात ठेवलेले हळदीचे कापड हळूहळू फिके होते. म्हणून दर वर्षी यात्रेआधी घरातली थोरली बाई पांढरे वाटोळे उसवते, मला हळदीच्या पाण्यात बुडवते, सावलीत वाळवते आणि वाटोळे पुन्हा शिवते. गिरिजाबाईंच्या सासूबाई सांगायच्या, "मान येकदा मिळाला म्हून पुरत न्हाय, अव्वा. दर वर्साला हात पिवळे करावं लागत्यात."

आता बैल. कोणे एके काळी एका जहागीरदाराच्या माणसांनी गावाचे बैल वेठीला नेले. त्यातला एक वेसण तोडून, नाकातून रक्त गळत, तीन गावे ओलांडून परत आला. त्याची आठवण म्हणून माझ्यावर बैल काढतात आणि त्याच्या नाकात वेसण काढत नाहीत. तो रंगाने काढत नाहीत, चुन्याने काढतात. यात्रेच्या सकाळी नदीकाठी मला अंथरतात. चुना पाण्यात कालवून निवळू देतात. वरचे पाणी स्वच्छ दिसते, त्याला निवळी म्हणतात. थोरली बाई बाभळीची काडी त्या निवळीत बुडवून माझ्या मोकळ्या अर्ध्या भागावर रेघ ओढते. पाण्याला रंग नसतो, आणि तरी पिवळ्यावर काडी फिरेल तिथे तांबडी रेघ उमटते. हळदीचे असेच आहे. चुना लागला की ती लाल होते. तुमच्या आईच्या कपाळावरचे कुंकूही याच मेळातून जन्मते.

हा लाल रंग टिकत नाही. हवा लागत जाते तशी चुन्याची धग उतरते आणि काही आठवड्यांत पिवळा परत येतो. मग लोक म्हणतात, "बैल रानात गेला." पुढच्या पौषापर्यंत त्याला हाक मारायची नाही, असा घरचा नेम. अवेळी बैल बोलावला तर दावण मोडते, म्हणजे गोठ्यातली जनावरे जातात, असे सगळे मानत. गिरिजाबाईही मानत.

१९४७च्या पौषात माझ्या बाबतीत एक चूक झाली. मला हळदीतून काढून अंगणात सावलीला वाळत घातले होते आणि राखण करायला पाटील स्वतः बसले होते. पाटील म्हणजे गिरिजाबाईंचे यजमान, महांतप्पा. माणूस भला होता, पण बोलायला कोणी भेटले की त्यांना मान वळवणे जमत नसे. बिराप्पा आपली शेरडे घेऊन आला आणि दोघे कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत बसले. तेवढ्यात एका शेळीने माझा खालचा कोपरा खाल्ला.

"पाटील, तुमचं ध्यान कुठं हुतं?" बिराप्पाने विचारले.

"शेळी कुणाची हाय?"

"शेळी माजी हाय. पटका तुमचा हाय. शेळीला काय ठावं, मानाचा हाय का बिनमानाचा?"

यात्रा दुसऱ्या दिवशी होती. महांतप्पांनी गिरिजाबाईंना न सांगता पेटीतले एक गिरणीचे पिवळे कापड काढले. सोलापूरहून आणलेले, पक्क्या रंगाचे. त्याचा तुकडा शिंप्याकडून कोपऱ्याला लावून घेतला. रंग जुळला होता. उलट ठिगळच जास्त चमकत होते. दुसऱ्या दिवशी नदीकाठी गिरिजाबाईंनी बैल काढायला घेतला. तोंड आले, शिंगे आली, वशिंड आले, तीन पाय आले. चौथा पाय ठिगळावर पडत होता. काडी फिरली, पाणी लागले, आणि काहीच झाले नाही. त्यांनी पुन्हा काडी बुडवली. ठिगळ ओले झाले आणि पिवळेच राहिले.

"पक्का रंग हाय," महांतप्पा हळूच म्हणाले.

"दिसतंय की," गिरिजाबाई म्हणाल्या.

त्या वर्षी नळदुर्गच्या यात्रेत माझ्यावर तीन पायांचा बैल होता. दुसऱ्या काठीवाल्यांनी वाटेत विचारले, "बेनहाळकर, बैलाचा एक पाय घरीच राहिला व्हय?" काठी बिराप्पाच्या कमरेवर होती. तो म्हणाला, "म्होरं गेलाय. तुमची जागा धरायला." पण गावी आल्यावर शेळीवरून त्याला महिनाभर ऐकावे लागले.

पुढचे वर्ष वाईट गेले. निजामाच्या राज्यात धरपकड वाढली. तरणी मुले सरहद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला गेली. १९४८च्या पौषात बेनहाळची काठी निघालीच नाही. त्यामुळे मला हळदही लागली नाही आणि बैलही आला नाही. मी पेटीत घडी घालून पडलो होतो.

त्या उन्हाळ्यात ठाण्याचा अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, घोड्यावरून गावात आला. त्याचा कोणी मोठा साहेब दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर येणार होता आणि चावडीवर सरकारी झेंडा नव्हता. त्याने चावडीजवळची घरे धुंडाळली. पाटलांच्या घरी पेटी उघडली तेव्हा मी वरच होतो. निजामाचा झेंडा पिवळा होता आणि त्यावर पांढरे वाटोळे होते. लोक त्याला कुलचा म्हणत, म्हणजे रोटी. अमिनाने मला झटकून पसरले.

"पटेल, ये किसका झंडा है?"

"साहेब, देवाच्या काठीचा पटका हाय," महांतप्पा म्हणाले.

"रंग तो सरकारी है. कुलचा भी है."

दाराआडून गिरिजाबाई बोलल्या. "कुलचा न्हाय. जातं हाय ते. मधी तोंड दिसतंय का बघा."

अमीन हसला. "अम्मा, रोटी तो चक्की से ही निकलती है. चावडी पे लगा दो."

महांतप्पांनी मान डोलावली. अमीन पुढे गेल्यावर गिरिजाबाईंनी त्यांना विचारले, "बैलाच्या नाकात वेसण न्हाय. मग तुमच्या तोंडाला कुणी घातली?"

"घरात लेकरंबाळं हायती," ते म्हणाले. हेही खरे होते.

असा मी चावडीच्या खांबाला लागलो. साहेब आला, त्याने वर न पाहता चहा घेतला आणि तो गेला. पण मला उतरवायला कोणी सांगितले नाही आणि न सांगता उतरवायची हिंमत कोणात नव्हती. मी तिथेच राहिलो. माझ्या हातात एवढेच होते की फडकायचे की नाही. मी फडकलो नाही. चावडीचा शिपाई रोज मला उलगडायचा आणि रोज मी घड्या पडून खांबालगत लोंबत राहायचो. वारा नव्हता असे नाही. लोकरीची किनार जड असते, हे एक कारण सांगता येईल. दुसरे कारण मला विचाराल तर मी सांगेन की मी दुसऱ्या कोणाचा झेंडा म्हणून फडकणार नव्हतो.

या हट्टाचा एक परिणाम झाला. वळचणीमुळे पाऊस मला फारसा लागला नाही, पण ऊन लागले. घड्यांचा जो भाग बाहेर होता तो फिका पडला आणि जो आत होता त्याची हळद शाबूत राहिली. कोपऱ्यातले ठिगळ मात्र पहिल्या दिवशी होते तसेच झगझगीत होते.

सप्टेंबरात सोलापूरच्या रस्त्याने फौजेच्या गाड्या आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले. ठाणे ओस पडले. सरहद्दीपलीकडे गेलेली माणसे परत येऊ लागली. त्यांच्यातला एक गट बेनहाळला आला. त्यांचा पुढारी बिभीषण नावाचा, परांड्याकडचा गडी. त्याचा उजवा हात कोपरात नीट वळत नव्हता. आपल्या गावात तिरंगा लावताना त्याला पकडले होते आणि पिवळ्या झेंड्याखाली उभे करून मारले होते. त्याने चावडीच्या खांबाकडे पाहिले आणि तो थांबला.

"अजून हाय व्हय हितं?" तो म्हणाला.

त्याने स्वतः वर चढून मला उतरवले. त्याच्या सोबत्यांनी चावडीसमोर तुराट्यांचा ढीग केला. गाव जमले. मित्रांनो, त्या दिवशी काय पणाला लागले होते ते लक्षात घ्या. जुने कापड जळाले तर नवे आणता येते. पण निजामाचा झेंडा म्हणून मी जळालो असतो, तर त्या घराला काठी कोणी धरू दिली नसती. पार्वतम्माचे जाते कोणाला आठवले नसते. पाटलांनी सरकारची रोटी मिरवली, एवढेच उरले असते.

महांतप्पा पुढे आले. "ह्यो सरकारचा न्हाय. आमच्या काठीचा पटका हाय. अमिनानं बळंच लावला."

"पाटील," बिभीषण म्हणाला, "म्या पंधरा दिवसांत वीस गावं फिरलो. समदे हेच सांगत्यात. राज्य गेलं आन् सगळे झेंडे देवाचे झाले."

"गावाला इचारा."

बिभीषणाने गावाकडे पाहिले. गावाने एकमेकांकडे पाहिले. खोटे कोणाला बोलायचे नव्हते, पण पाटलाच्या बाजूने पहिला शब्द कोणी बोलायचा, हा प्रश्न होता. शेवटी बिराप्पा बोलला. "पटका हाय. म्या उचलतो काठी. माज्या घोंगडीची किनार हाय."

"तू पाटलाचाच माणूस."

"मी शेरडांचा माणूस हाय. पाटलाला इचारा, दीड वर्स झालं, बोलत न्हाई मला."

कोणीतरी हसले. बिभीषण हसला नाही. त्याने काडेपेटी काढली.

तेव्हा गिरिजाबाई चावडीवर आल्या. त्या घरातल्या बायका चावडीवर येत नसत. त्या आल्या आणि सरळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाबा, तुजा हात कुणी मोडला?"

"सरकारनं."

"मग सरकारचा झेंडा जाळ. म्या तुराट्या आनून देते. पन आदी बघून घे, ह्यो त्यांचाच हाय का. सरकारचं कापड गिरणीचं असतंय. ह्यो हळदीचा हाय. हळदीला चुना लागला की ती लाल व्हती. गिरणीचा रंग व्हत न्हाय."

त्यांनी कमरेची चंची सोडली, पानाच्या चुन्याची डबी काढली आणि तांब्यातल्या पाण्यात चुना कालवला. बिराप्पा पुढे झाला. "आक्का, यात्रा न्हाई आज. बैल अवेळी बोलवू नगा. दावण मोडंल."

गिरिजाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि चुना बसायची वाट पाहत थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांच्या दावणीला पाच जनावरे होती. त्यातली एक गाय गाभण होती. "मोडली तर मोडली," त्या म्हणाल्या. "बैल वेठीतनं सुटून आला तवा पंचांग बघून आला व्हता का?"

"थांबा," बिभीषण म्हणाला. "तुमी जागा निवडायची न्हाई. म्या निवडणार."

त्याने मला जमिनीवर पसरले आणि नीट पाहिले. माझ्यावर उभे पट्टे पडले होते, एक फिका, एक गडद. सगळ्यात झगझगीत पिवळे होते ते कोपऱ्यातले. खरा रंग असेल तर तो इथेच असेल, असे त्याला वाटले. तुम्हालाही तसेच वाटले असते. त्याने बोट निवळीत बुडवले आणि थेंब ठिगळावर टाकला.

थेंब पसरला. ठिगळ पिवळेच राहिले.

त्याचे सोबती ओरडले. महांतप्पांनी डोळे मिटले. ते ठिगळ त्यांनीच लावून घेतले होते आणि ते आता आपल्यालाच जाळणार, असे त्यांना वाटले असावे.

"गिरणीचंच निघालं की, मावशी," बिभीषण म्हणाला.

"तेवढं गिरणीचंच हाय," गिरिजाबाई म्हणाल्या. "तिथलं शेळीनं खाल्लं. ह्येंनी ठिगळ मारलं."

"माज्या शेळीनं," बिराप्पा म्हणाला. दीड वर्षात त्याने हे कधी नाकारले नव्हते, पण इतक्या मोठ्याने कबूलही केले नव्हते.

"आता बाकीच्यावर टाक," गिरिजाबाई म्हणाल्या. "तूच टाक. कुठंबी."

बिभीषणाने दुसरा थेंब गडद पट्ट्यावर टाकला. तो लाल झाला. तिसरा फिक्या पट्ट्यावर टाकला. तोही लाल झाला, पण हलका. त्याने बोट पुसून पाहिले, वास घेतला.

त्याच्या सोबत्यांपैकी एक म्हणाला, "चुन्यात कायतरी मिसळलंय. कशावरबी लाल व्हत आसंल."

बिभीषण त्याच्याकडे वळून काही बोलणार होता, तेवढ्यात बिराप्पा म्हणाला, "मग कोपरा का न्हाई झाला?"

तेच पाणी, तेच बोट, तेच कापड वाटावे असे कापड. एकीकडे लाल, दुसरीकडे पिवळे. नुसते लाल थेंब दिसले असते तर संशय फिटला नसता. ज्या ठिगळाने आधी घात केला असे वाटले, त्याच ठिगळामुळे त्या लाल थेंबांना अर्थ आला. महांतप्पांनी डोळे उघडले.

गिरिजाबाईंनी बाभळीची काडी मागितली. कोणीतरी कुंपणातून मोडून आणली. त्या जमिनीवर बसल्या आणि त्यांनी बैल काढला. गडद पट्ट्यावर तो गडद आला, फिक्यावर फिका आला. पट्ट्यापट्ट्यांचा, तीन पायांचा. नाकापाशी त्यांनी काडी उचलली आणि जागा मोकळी ठेवली. गावातल्या ज्या लोकांना बोलायचे धाडस होत नव्हते, ते आता एकदम बोलू लागले. पार्वतम्माचे जाते, पूर, घोंगडी, वेठ. सगळे एकाच वेळी, निम्मे कानडीत.

बिभीषण बराच वेळ बैलाच्या नाकाकडे पाहत होता. "ह्याला वेसण न्हाई," तो म्हणाला.

"न्हाय," गिरिजाबाई म्हणाल्या.

त्याने काडेपेटी खिशात ठेवली. तुराट्या नंतर एका घराच्या चुलीत गेल्या.

मित्रांनो, मला दोघांनी ओळखले नाही. अमिनाला पिवळे दिसले आणि त्याने मला आपले म्हटले. बिभीषणाला पिवळे दिसले आणि त्याने मला शत्रूचे म्हटले. दोघांनी एकच रंग पाहिला, आणि दोघांना घाई होती. बिभीषणाच्या घाईला निदान मोडलेल्या हाताचे कारण होते. पण रंग कोणाला वतनात मिळत नाही. हिरवा नाही, पिवळा नाही, दुसरा कोणताही नाही. कापडावर रंग कशाचा आहे, तो कोणाच्या हातांनी लावला आणि का लावला, हे त्या हातांना विचारावे लागते. मला विचारायचे असेल तर चुना आणा. मी लाल होऊन उत्तर देईन. आणि मला सांभाळायचे असेल तर उन्हात टांगू नका, सावलीत वाळवा, आणि दर वर्षी हात पिवळे करायचा कंटाळा करू नका. पक्क्या रंगाच्या मोहात पडू नका. न विटणारा रंग चांगला असेल, पण त्यावर माझा बैल येत नाही.

पुढच्या पौषात काठी निघायची ठरली. हळदीची परात मांडली तेव्हा महांतप्पा कात्री घेऊन आले.

"ते ठिगळ काढून टाकू," ते म्हणाले. "माजी चूक गावभर कशाला मिरवायची?"

"त्या ठिगळानंच साक्ष दिली," गिरिजाबाई म्हणाल्या. "साक्षीदाराला घराभायेर काढत न्हायत. कात्री ठेवा आन् हिकडं येऊन कोपरा धरा."

त्यांनी ठिगळ मुळाशी दोऱ्याने घट्ट आवळले, म्हणजे त्याला हळद लागू नये. महांतप्पा तो कोपरा दोन्ही हातांनी पाण्याबाहेर धरून बसले. मी भिजेपर्यंत त्यांना हलता आले नाही. बिराप्पा शेरडे घेऊन अंगणाबाहेरून गेला. बोलायला थांबला नाही.

यात्रेच्या सकाळी गिरिजाबाई गोठ्यात गेल्या आणि त्यांनी दावण मोजली. मोठी जनावरे पाच. त्यांशिवाय एक कालवड, पंधरा दिवसांची.

मग नदीकाठी मला अंथरले. काठी सावरायला चार दोर लागतात. तीन दोर गावातल्या माणसांनी धरले होते. चौथा धरायला परांड्याकडून बिभीषण आला होता. त्याने तो डाव्या हाताने धरला.

काडी निवळीत बुडाली आणि रेघ सुरू झाली. ती संपल्यावर बिराप्पाने काठी कमरेला लावली आणि मला वर उचलले. वारा पश्चिमेकडून होता. मी पूर्ण उलगडलो. लांबी साडेतीन हात. रुंदी चार बोटे कमी दोन हात. वाटोळे एक. ठिगळ एक. बैल एक. पाय तीन. वेसण शून्य.